चिठ्ठीवर कंबर लिहिली होती

कारंज्याला हायवेला लागून पुंडलिकरावांचं दुकान होतं. ट्रकवाल्यांना लागतं ते सगळं तिथं मिळायचं: दोर, साखळ्या, ग्रीसचे डबे, ताडपत्र्या. पाटीवर नाव पुंडलिकरावांचं असलं तरी ताडपत्रीचं काम मंदाबाईंचं होतं. ड्रायव्हर फाटकी ताडपत्री टाकून ढाब्यावर जायचे. जेवून, एक झोप काढून ते परत येईपर्यंत मंदाबाईंनी ती शिवून, घडी करून ठेवलेली असायची. दुकानामागच्या शेडमध्ये ताडपत्री पसरून त्या तिच्यावर गुडघे टेकून बसत. हातात दाभण, तळव्याला चामड्याचा तुकडा बांधलेला. अंगानं उंच, आवाज खणखणीत. पंजाबी ड्रायव्हरांशी त्या आपल्या हिंदीत असं काही भांडत की ते हसत हसत बाहेर पडत.

आम्ही त्यांच्या समोर भाड्यानं राहत होतो. माझे यजमान तिथल्या शाळेत शिक्षक होते. पुढची हकिकत थोडी मी पाहिलेली आहे, बाकीची मंदाबाईंनी मला वेळोवेळी सांगितली. कधी भाजी निवडताना, कधी नुसत्याच बसलेल्या असताना.

त्यांची पाठ दुखायला लागली ती अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, जिथं स्वतःचा हात पोचत नाही, तिथं. सुरुवातीला त्यांनी मनावर घेतलं नाही. वाकून शिवणाऱ्याची पाठ दुखणारच. मयुरी, त्यांची मुलगी, तेव्हा नववीत होती. ती रात्री बाम चोळून द्यायची. संध्याकाळी थोडी कणकण यायची, त्यावर मेडिकलमधून गोळी आणायची. जेवण कमी झालं, ब्लाउज सैल व्हायला लागले. सासू आनंदाबाई म्हणाल्या, "काम वाढलं की अंग उतरतेच."

उन्हाळ्यात एकदा मंदाबाई हायवे ओलांडून आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. मी विचारलं, "दुसरी कुठं टाकली?" त्यांनी खाली पाहिलं आणि त्या हसल्या. चप्पल रस्त्याच्या मधोमध पडलेली होती. पायातून निघाली तेव्हा त्यांना कळलंच नव्हतं. आम्ही दोघीही हसलो. तापलेल्या डांबरावरून त्या अनवाणी पायानं चालत आल्या होत्या आणि तळवा भाजल्याचंही त्यांना कळलं नव्हतं, हे मात्र दोघींच्याही लक्षात आलं नाही.

मग पाय जड पडायला लागले. जिना चढताना पाय उचलत नसे. छातीभोवती कोणी पट्टा आवळून बांधलाय असं वाटायचं. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या आणि शेवटी नागपूरला हाडाच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं.

नागपूरला पुंडलिकराव सोबत गेले. दवाखान्यात इतकी गर्दी होती की लोक जिन्यावर बसले होते. दुपार कलल्यावर नंबर लागला. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काय त्रास आहे?"

मंदाबाईंनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पुंडलिकराव बोलले, "कंबर दुखते जी तिची. पाय जड पडतात. ताडपत्री शिवते ना, दिवसभर वाकूनच असते."

"कंबर नाई, थोडं वर," मंदाबाई म्हणाल्या.

"तू थांब, मी सांगतो ना."

डॉक्टरांनी दोन्ही पाय एकदा उचलून पाहिले. पाठीला हात लावला नाही. कंबर आणि पाय म्हटल्यावर शंभरातल्या नव्वदांची मणक्यातली गादी सरकलेली असते, त्यांनीही तेच धरलं असावं. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि सांगितलं, "एमआरआय करून आणा. त्यात सगळं कळेल."

कारंज्यात तेव्हा एमआरआय झालेला माणूस शोधूनही सापडला नसता. दुकानात त्याचीच चर्चा. कोणी म्हणे विजेचे झटके देतात, कोणी म्हणे त्या मशीनीत झोपलं की दुखणं ओढून निघते. आनंदाबाईंना एकच काळजी होती. तिथं मंगळसूत्र काढून ठेवावं लागतं, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"गळा मोकळा ठेवजो नको," त्यांनी सुनेला बजावलं. "काळा दोरा बांधून घेजो."

तो काळा दोरा बांधून मंदाबाई परत नागपूरला गेल्या. तिथल्या टेक्निशियननं मंगळसूत्र, बांगड्या, नथ, केसातल्या पिना, सगळं काढायला लावलं. जोडवी निघत नव्हती. बोटं सुजली होती, साबण लावून ओढून काढली. त्यानं विचारलं, "शरीरात कुठं लोखंड आहे का? सळई, क्लिप, पेसमेकर? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

"काही नाई," पुंडलिकरावांनी दारातूनच सांगितलं.

"मी बाईंना विचारतोय," टेक्निशियन म्हणाला. त्या दिवसात मंदाबाईंना कोणी स्वतःहून विचारलेला तेवढाच एक प्रश्न. त्यांनी नीट विचार करून नाही म्हटलं.

त्यानं त्यांच्या कानात कापूस घातला, हातात एक रबरी फुगा दिला. "घाबरल्या तर हा दाबा, मी लगेच बाहेर काढतो. पण हलू नका. हललं की फोटो खराब होतो, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून." फळी आत सरकली. नाकाच्या टोकापासून वीतभर अंतरावर छत. मग आवाज सुरू झाला. टिनाच्या शेडवर कोणी हातोडा मारतंय, थांबतंय, परत मारतंय, असा. पाठ टेकवून सरळ झोपल्यानं खांद्यांमध्ये आग उठली होती. मंदाबाईंनी दात आवळून धरले. फुगा दाबला नाही. एकदाही हलल्या नाहीत.

"मले वाटलं, एवढं सहन केलं की झालं," त्या मला म्हणाल्या. "डोक्यापासून पायापर्यंत आख्खी आत गेलती ना मी. मले काय माहीत, आत गेलं म्हनजे सगळंच दिसते असं नाई. मी म्हटलं, माह्या तोंडातून निघालं नाई तरी मशीन पाह्यनच."

रिपोर्ट आला. कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये गादी थोडी पुढे आली आहे, वयाप्रमाणे होते तेवढीच, बाकी सगळं ठीक. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली, खाली ठेवली. "विशेष काही नाही. कमरेला पट्टा बांधा, वजन उचलू नका, व्यायाम करा." मंदाबाईंनी विचारलं, "मंग पाय काऊन जड पडतात डॉक्टर?" डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट चांगला आहे बाई. तुम्ही फार विचार करता."

हे शेवटचं वाक्य पुंडलिकरावांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

त्या दिवसापासून मंदाबाईंचं दुखणं खोटं ठरलं. आधी निदान सगळे विचारत तरी होते. आता त्या भिंत धरून उठल्या की आनंदाबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "मशीन खोटं बोलते काय? एवढं नागपूरले नेलं, फोटो काढला, काही निघालं नाई. निघाले फक्त नखरे." संध्याकाळी ताप चढला की म्हणत, "सैपाकाच्या वेळेलेच बरा येते ताप."

पुंडलिकराव असं बोलत नसत. ते काहीच बोलत नसत. त्यांनी रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवला होता. मंदाबाई कण्हल्या की ते एकदा त्या कपाटाकडे पाहत आणि दुकानात निघून जात. मंदाबाई म्हणाल्या, "त्यायनं मारलं असतं तर मी माहेरी निघून गेली असती. नुसते पाहेत. त्याचं काय सांगावं कोनाले."

पट्टा बांधला. कमरेला वजन लावून ओढण्याचा इलाज झाला. त्यानं काही फरक पडला नाही, पडणारही नव्हता, कारण दुखणं तिथं नव्हतंच. पाय आता आपोआप झटके मारायचे. चालताना एक पाय दुसऱ्यात अडकायचा. संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. मंदाबाई उंबऱ्यातच आडव्या झाल्या. वाण सांडलं, तिळगुळाचा डबा गडगडत गेला. मी आणि दुसऱ्या एकीनं त्यांना उचललं तर पाय लाकडासारखे ताठ. आनंदाबाई जागच्या उठल्या नाहीत. बायकांना म्हणाल्या, "चार लोक पाह्यले की असंच करते."

त्या पडल्या त्यापेक्षा हे वाक्य मंदाबाईंच्या मनाला लागलं. त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत. कोणाकडेच गेल्या नाहीत.

नातेवाइकांमधल्या कोणी सुचवलं, रिपोर्ट चांगला असून बाई पडते म्हणजे आजार डोक्याचा. पुंडलिकराव त्यांना अमरावतीला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. ते डॉक्टर भले होते, पण त्यांच्याही पुढे पहिल्यांदा ठेवला गेला तो तोच रिपोर्ट. त्यांनी गोळ्या दिल्या. मंदाबाई दिवसभर झोपून राहायला लागल्या. घरात शांतता झाली, आणि घरच्यांना वाटलं, इलाज लागू पडला.

मयुरी दहावीत होती. सकाळचा स्वयंपाक, आईला उठवून बाथरूमला नेणं, मग शाळा. एकदा तिनं वडिलांना विचारलं, "बाबा, दुसऱ्या डॉक्टरले दाखवू ना एकदा."

"फोटो काढला ना?"

"त्याले सात-आठ महिने झाले बाबा."

"मनक्याचा फोटो काही कॅलेंडर आहे काय, दरवर्षी नवं आणायले?" पुंडलिकराव म्हणाले. दुकानात बसलेले दोघंतिघं हसले. मयुरी परत आत गेली.

लघवी अडायला लागली आणि मग कळेनाशी झाली, तेव्हा मंदाबाईंनी ते लपवलं. जुन्या साड्या फाडून घड्या करून ठेवल्या. मयुरीला शपथ घातली. जिथं पाय जड झालेले कोणाला पटत नव्हते, तिथं हे कोण पटवून घेणार? आजवर मी जितक्या डॉक्टरांना हे सांगितलं, त्यातला प्रत्येक जण इथंच थांबला. पाठदुखीसोबत पाय लुळे पडत असतील आणि लघवीवरचा ताबा गेला असेल, तर एक दिवसही घरी बसू नये, तडक मोठ्या दवाखान्यात जावं, असं सगळ्यांनी सांगितलं. मंदाबाई दोन महिने घरी होत्या.

पवनारला त्यांचा थोरला भाऊ होता, मधुकरराव. शेती करणारा, अंगानं बारका, फारसा न बोलणारा माणूस. राखीला बहीण आली नाही म्हणून तोच कारंज्याला आला. मंदाबाई खाटेवर होत्या. ओवाळायला उठता येईना. त्यांनी बसूनच राखी बांधली. मधुकररावांनी चादर सरकवून बहिणीचे पाय पाहिले. मांड्यांचं मांस गेलं होतं. मग तिला सरळ बसवायला म्हणून त्यांनी पाठीमागून हात घातला आणि तो हात तिथंच थांबला. दोन खांद्यांच्या मध्ये हाड वर आलं होतं, उंटाच्या पाठीसारखं टोक.

"हे कवापासून?" त्यांनी विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. मयुरी आंघोळ घालायची, पण अंगावर लुगडं ठेवून. पुंडलिकराव म्हणाले, "रिपोर्ट तर चांगला होता."

"रिपोर्ट राहू द्या जावईबुवा," मधुकरराव म्हणाले. "मी हिले घेऊन जातो." त्यांनी जीप ठरवली, मागच्या सीटवर गादी अंथरली आणि बहिणीला थेट वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आनंदाबाईंनी दारात उभं राहून एवढंच विचारलं, "मंग दुकानाच्या मागचं काम कोन करन?"

तिथं वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पहिल्यांदा सगळ्यांना बाहेर काढलं, भावालासुद्धा. स्टूल ओढून खाटेजवळ बसली. "ताई, मला पहिल्यापासून सांगा. घाई नाही." मंदाबाईंना सुरुवातच करता येईना. त्या रडायलाच लागल्या. मग सगळं सांगितलं. कणकण, चप्पल, छातीचा पट्टा, साड्यांच्या घड्या.

डॉक्टरिणीनं त्यांना कुशीवर वळवलं आणि मुठीनं मणक्यावर हलकं ठोकत मानेकडून खाली आली. त्या टोकावर मूठ लागली तशी मंदाबाईंच्या तोंडून किंकाळी निघाली. मग तिनं टाचणी घेऊन पोटावर टोचून पाहिलं. "टोचतंय?" "नाई." थोडं वर. "आता?" "नाई." छातीच्या जरा खाली आल्यावर मंदाबाई म्हणाल्या, "आता टोचलं." डॉक्टरिणीनं पेनानं तिथं रेघ मारली.

मधुकररावांनी आणलेली ती प्लॅस्टिकची पिशवी तिनं उघडली. खिडकीशी जाऊन फिल्म धरली. बराच वेळ पाहून म्हणाली, "हा फोटो बरोबर आहे. रिपोर्टही बरोबर आहे. पण हा कमरेचा फोटो आहे. यांचं दुखणं इथं आहे," आणि तिनं स्वतःच्या छातीच्या मागे बोट दाखवलं. "हा भाग या फोटोत आलाच नाही. वर संपतो तो त्याच्या खूप खाली."

मधुकररावांना कळेना. "पन ते तर म्हनाले मनक्याचा फोटो."

"मणका मानेपासून माकडहाडापर्यंत असतो, दादा. मशीन एका वेळी सगळा काढत नाही. मानेचा वेगळा, पाठीचा वेगळा, कमरेचा वेगळा. चिठ्ठीत लिहिलं असेल तोच भाग निघतो."

मंदाबाई ऐकत होत्या. त्या मला म्हणाल्या, "मले वाटलं, उठावं आनि त्या फोटोचे तुकडे करावे. पन उठता कुठं येत होतं."

परत नागपूर, परत तेच सेंटर. टेक्निशियनही तोच निघाला. त्यानं त्यांना ओळखलं नाही. या वेळी पाय एकसारखे झटके देत होते म्हणून मांड्यांवर पट्टे बांधले, आणि मध्येच शिरेतून एक औषध सोडलं. ते दिलं की पू कुठं साचला आहे ते उठून दिसतं, असं त्यानं सांगितलं, आणि आधी विचारलं की कशाची ॲलर्जी आहे का, किडनीचा काही त्रास आहे का. मंदाबाईंनी सगळ्याची उत्तरं स्वतः दिली. बाहेर काढल्यावर त्यांनी त्याला विचारलं, "मागच्या खेपेले वरचा भाग पन काढता आला असता काय जी?"

त्यानं जुनी फिल्म पाहिली. "आला असता," तो म्हणाला. "पण चिठ्ठीवर कंबर लिहिली होती. आम्ही लिहिलं असतं तेच काढतो बाई."

तो खोटं बोलला नव्हता. कोणीच खोटं बोललं नव्हतं.

मणक्याचा टीबी निघाला. दोन मणके खाल्ले गेले होते, पू साचून आतल्या नसेवर दाब पडला होता. ऑपरेशन झालं, पुढे दीड वर्ष औषधं चालली. डॉक्टरिणीनं पुंडलिकरावांना बोलावून सांगितलं, की हा आजार लवकर सापडला तर नुसत्या गोळ्यांनी बरा होतो, पुष्कळ लोक पुन्हा शेतात कामाला लागतात.

"आम्ही तर नागपूरले नेलं होतं, मॅडम," पुंडलिकराव म्हणाले. "एमआरआय केला. आम्ही काही कमी केलं नाई."

 डॉक्टरिणीनं मंदाबाईंची चादर नीट केली आणि दुसऱ्या खाटेकडे गेली.

औषधांनी ताप गेला, भूक आली, वजन भरलं. हातांत ताकद पूर्वीसारखी आली. पायांत आली ती अर्धी. वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालता येतं, उंबरा ओलांडायला माणूस लागतो. लघवीची नळी कायमची राहिली. ती बदलायला त्या स्वतः शिकल्या. घरी आल्या तेव्हा आनंदाबाईंनी त्यांचं ताट, पेला, चादर वेगळी काढली होती. हा टीबी थुंकीतून पसरणारा नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. आनंदाबाई म्हणाल्या, "लिहिलेलं तं तवाही होतं." मंदाबाईंनी त्या ताटात जेवायला सुरुवात केली.

मयुरी बारावीला बसलीच नाही. घर आणि आई, दोन्ही तिच्यावर आलं होतं. मला वाटायचं, मंदाबाई सावरल्या की ती परत कॉलेजात जाईल. पण अठरा पूर्ण होताच तिच्यासाठी हिंगणघाटचं स्थळ आलं. कापडाचं दुकान होतं त्यांचं. आनंदाबाईंनी आणि पुंडलिकरावांनी ठरवलं, की मुलाकडच्यांना टीबीचं कळू द्यायचं नाही. पाहुणे आले तेव्हा मंदाबाईंना मागच्या खोलीत बसवलं. मुलाच्या आईनं विचारलं, "विहीणबाई दिसल्या नाईत?"

"तिले कमरेचा त्रास आहे," पुंडलिकरावांनी सांगितलं.

मधलं दार नुसतं लोटलेलं होतं. मंदाबाईंनी ते ऐकलं. मीही ऐकलं. मी त्यांच्याजवळ बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली, कारण त्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं.

लग्नात त्या मांडवाच्या कडेला खुर्चीवर होत्या, नळीची पिशवी शालूखाली. कन्यादानाला पुंडलिकरावांचा भाऊ आणि भावजय बसली. मंदाबाईंना फार वेळ बसवत नाही, असं कारण सांगितलं गेलं. मंदाबाईंना कोणी विचारलं नव्हतं. जाताना मयुरी आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, तू तवा डॉक्टरले जोरात काऊन नाई सांगितलं?" लेकीनं हा प्रश्न सासरी जाताना विचारावा, याचं मंदाबाईंना किती वाईट वाटलं असेल, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर जवळजवळ महिनाभर त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

पुढं कारंज्यातून नागपूरला एमआरआयसाठी जाणाऱ्यांची संख्या वाढली. कोणाची मान, कोणाची कंबर. दोन हजार चारच्या सुमारापासून गल्लीतल्या बायका जायच्या आधी मंदाबाईंकडे यायला लागल्या. त्या वॉकर बाजूला सरकवून खुर्चीवर बसत आणि दरडावल्यासारखं सांगत.

"नवऱ्याले बाहेर बसवजो. डॉक्टर विचारन ते तूच सांगजो. जिथं दुखते तिथं बोट ठेवून दाखवजो, हात पोचत नसन तं म्हनजो, इथं हात लावून पाहा जी. चिठ्ठी लिहिली की विचारजो, कोन्या भागाचा फोटो हाय, मानेचा, पाठीचा, का कमरेचा. पोटात मूल असन, अंगात कुठं सळई असन, तं लपवजो नको. जुने फोटो संग नेजो. आत आवाज व्हते, घाबरजो नको, फुगा हातात असते. आनि फोटो चांगला निघाला आनि दुखनं तसंच राह्यलं, तं घरी बसजो नको. फोटो म्हनजे इलाज नाई. फोटो म्हनजे कोर्टाचा निकालही नाई."

काही बायका ऐकत. बहुतेकींच्या सोबत नवरे आत जातच. एकदा एक बाई परत येऊन म्हणाली, "मी सांगितलं जी, पन ते म्हनले तुले काय समजते."

आनंदाबाई दोन हजार पाचमध्ये गेल्या. शेवटी खाटेला खिळल्या होत्या. सून उभी राहू शकत नव्हती म्हणून त्यांची सगळी सेवा पगारी बाईनं केली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आनंदाबाई सांगत राहिल्या की सुनेनं शेवटी पाणी पाजलं नाही.

पुंडलिकराव अजून दुकानात बसत. ताडपत्र्या आता तयारच येत, प्लॅस्टिकच्या, शिवायला कोणी आणत नसे. शेडमध्ये टायर रचलेले असत. गिऱ्हाईक बायकोची चौकशी करी तेव्हा ते म्हणत, "नशीब असते एकेकाचं. आपन तर सगळं केलं. त्या काळात, जवा कोनी नाव ऐकलं नव्हतं, तवा एमआरआय केला तिचा." हे सांगताना त्यांचा आवाज थोडा चढे. मला वाटतं, ते स्वतः ते मनापासून खरं मानत होते. मंदाबाई आत बसून ऐकत. पहिली काही वर्षं त्या उत्तर द्यायला तोंड उघडत, मग ते बंद करत. नंतर तेही थांबलं.

यजमान निवृत्त झाले आणि आम्ही वर्ध्याला घर घेतलं. निघायच्या आधी मी मंदाबाईंना भेटायला गेले. दुपारची वेळ होती. त्या वॉकरला धरून खिडकीशी उभ्या होत्या, बाहेर ट्रक जात होते. मी चहा केला, दोघी प्यालो. निघताना मी विचारून घेतलं, जे इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं.

"बाई, आता तरी राग गेला काय मनातून?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"लोक विचारतात तं मी म्हनते, गेला. देवाची करनी, म्हनते." मग म्हणाल्या, "तुमाले काऊन खोटं सांगू. सकाळी नळीची पिशवी रिकामी करते तवा रोज येते."

मग त्यांनी मला खाटेपर्यंत हात द्यायला सांगितलं. मी धरलं. त्यांना बसवून, पाय उचलून वर ठेवून, मी दार ओढून घेतलं.